गुहेतला संसार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शुक्रवारची दुपार म्हटली की मला अजून नानीचा आवाज ऐकू येतो. जुम्म्याची नमाज आटोपून पुरुषमंडळी घरी परतायची, जेवणं उरकायची आणि मग नानी कुराणातला ‘कहफ’ हा अध्याय वाचायला बसायची. कहफ म्हणजे गुहा. वाचून झालं की ती आम्हा मुलांना त्यातली गोष्ट सांगायची. एका जुलमी राजाच्या अमलात काही तरुण श्रद्धेपायी जीव मुठीत धरून पळतात आणि गुहेत आश्रय घेतात. त्यांच्याबरोबर एक कुत्राही असतो, तो पुढचे पाय पसरून गुहेच्या उंबऱ्यावर बसतो. देव त्यांना झोपवतो. जाग येते तेव्हा त्यांना वाटतं, एखादा दिवस झोपलो असू. एक जण चांदीचं नाणं घेऊन गावात अन्न आणायला जातो. दुकानदार नाणं उलटंपालटं करून पाहतो आणि म्हणतो, अरे, हा राजा मरून तर जमाना लोटला! गुहेत तीनशे नऊ वर्षं गेलेली असतात. हीच गोष्ट ख्रिस्ती लोकही सांगतात, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

लहानपणी मला या गोष्टीत एकच शंका यायची. त्यांना भूक लागली नसेल का? नानी म्हणायची, “झोपलेल्याला कसली रे भूक!”

ही शंका मी विसरून गेलो होतो. ती परत आली ती काही वर्षांपूर्वी एक माहितीपट पाहताना. ‘नो प्लेस ऑन अर्थ’ हे त्याचं नाव, जॅनेट टोबायस ही त्याची दिग्दर्शिका. २०१२ साली टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम युक्रेनमधलं एक ज्यू कुटुंब नात्यागोत्यातल्या आणि ओळखीच्या लोकांसह जमिनीखालच्या गुहांमध्ये राहून कसं वाचलं, त्याची ही हकिकत. या गुहेतली माणसं झोपली नव्हती. त्यांना भूक लागत होती, तहान लागत होती, सरपण लागत होतं.

आजच्या भाषणाचा विषय मी सांगितला तेव्हा एका स्नेह्यांनी जरा भुवया उंचावून विचारलं, “तुम्ही मुसलमान. ज्यूंच्या गोष्टीत तुम्हाला कसला एवढा रस?” ते वाईट हेतूनं बोलले नाहीत. पण मला गंमत वाटली. आपल्या कोकणात ज्यू म्हणजे शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मराठी बोलणारे, अलिबाग-रेवदंड्याकडचे शेजारी. आमच्याकडच्या जुन्या माणसांना ते परके कधी वाटलेच नाहीत. असो. मला रस का, ते शेवटी सांगतो. आधी गोष्ट.

कोरोलिव्का हे आजच्या युक्रेनच्या तेर्नोपिल भागातलं एक खेडं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हा मुलूख पोलंडमध्ये होता. १९३९ मध्ये तो सोव्हिएत रशियानं घेतला आणि १९४१ मध्ये हिटलरचं सैन्य तिथं घुसलं. म्हणजे दोन वर्षांत तीन राजवटी. माणसं तीच, घरं तीच, फक्त हुकूम करणारे बदलत गेले. जर्मनांच्या राजवटीत ज्यूंना आधी घेट्टोत कोंडलं, मग तिथून कुठं गोळ्या घालण्यासाठी खड्ड्यांकडे, तर कुठं आगगाडीत कोंबून बेल्झेकच्या मृत्युछावणीकडे नेलं जाऊ लागलं.

या गावात एस्थर स्टर्मर नावाची बाई होती. नवरा, सहा मुलं, त्यांतल्या एका मुलीचं लग्न झालेलं. ही बाई या सगळ्या हकिकतीचा कणा आहे. हुकूम आला की ती पाळायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. नोंदणीला या म्हटलं तर जायचं नाही, अमुक ठिकाणी जमा म्हटलं तर जमायचं नाही. त्या काळात अनेक शहाण्यासुरत्या माणसांना वाटत होतं की हुकूम पाळला तर जीव वाचेल. या खेडवळ बाईला तसं वाटलं नाही. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये ती आपलं कुटुंब आणि आणखी काही जणांना घेऊन रात्रीच्या अंधारात व्हेर्तेबा नावाच्या गुहेत शिरली.

हा सगळा प्रदेश जिप्समचा. पाण्यानं जिप्सम विरघळून जमिनीखाली मैलोन्‌मैल बोगद्यांची जाळी तयार झाली आहेत. जगातल्या सर्वांत लांब जिप्सम-गुहा याच भागात आहेत. आपल्याकडे गुहा म्हटलं की वेरूळ-अजिंठा डोळ्यांपुढे येतं, उंच छत, कोरीव खांब. इथलं तसं नाही. इथं वाकून, रांगून, कधी पोटावर सरपटत जायचं, आणि आत एकदा वळण चुकलं की माणूस गेलाच.

व्हेर्तेबा ही काही राहण्याजोगी जागा नव्हती. पाणी नाही. भिंतींवरून जे टपकेल ते भांड्यात साठवायचं. चूल पेटवली की धूर बाहेर जायला वाट नाही, माणसं गुदमरायची. शिवाय गुहा लोकांच्या माहितीतली. कुणीतरी सांगेल, ही भीती होतीच आणि तसंच झालं. १९४३ सालच्या वसंताच्या सुमाराला जर्मन आत शिरले. एस्थरनं त्यांना बोलण्यात गुंतवलं. बंदूक रोखलेली असताना त्यांच्याशी वाद घातला, की इथं अंधारात पडलेल्या आम्हा लोकांमुळे तुमचा फ्यूरर लढाई हरणार आहे का? ती बोलत होती तेवढ्यात मागच्या बोळांतून एकेक जण निसटत होता. पोरांनी आधीच आतून एक दुसरी चोरवाट खणून ठेवली होती. काही जण सापडले, बाकीचे सुटले.

मग प्रश्न, जायचं कुठं? एस्थरचा थोरला मुलगा निसेल. त्यानं एक जागा शोधून काढली. एका पाद्र्याच्या शेतात जमीन खचून झालेला खोल खड्डा होता, लोक त्यात मेलेली जनावरं टाकत. त्याच्या तळाशी चिखलात एक भोक होतं. गावकरी या जागेला ‘पोपोवा यामा’ म्हणत, म्हणजे पाद्र्याचा खड्डा. त्या भोकातून आत सरपटत गेलं की पुढे मोठी गुहा. आणि आत पाणी! स्वच्छ पाण्याचं तळं. धुराला निघून जायला फटी. १९४३ च्या ५ मे रोजी ही मंडळी तिथं उतरली आणि १९४४ च्या १२ एप्रिलला बाहेर आली. तीनशे चव्वेचाळीस दिवस. दोन्ही गुहांतले मिळून पाचशे अकरा दिवस, असा हिशेब सांगितला जातो. शेवटी जिवंत बाहेर आली ती अडतीस माणसं. त्यांत पंचाहत्तरीची आजी होती आणि नुकतीच बोलायला लागलेली पोरंही होती.

तुलनेसाठी एक सांगतो. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ १९७२ साली अमेरिकेत टेक्सासच्या एका गुहेत दोनशे पाच दिवस एकटा राहिला. माणसाच्या शरीरातलं घड्याळ अंधारात कसं चालतं, हे त्याला पाहायचं होतं. त्याच्याकडे विजेचा दिवा होता, भरपूर तयार अन्न होतं आणि वर बसलेल्या सहकाऱ्यांशी बोलायला टेलिफोन होता. तरीही शेवटी त्याचं मन पार खचलं. आणि इथं आजीपासून तान्ह्या पोरांपर्यंतची माणसं जवळजवळ वर्षभर राहिली. बायका आणि मुलं तर त्या काळात एकदाही वर आली नाहीत.

कशी राहिली? माझ्या मते या हकिकतीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि हा भाग चमत्काराचा नाही. त्यांनी तिथं संसार मांडला. फळकुटं आणून निजायला बाजा केल्या. जमिनीत पायऱ्या खोदल्या. चुलीची जागा ठरवली, पाण्याची ठरवली, मोरीची ठरवली. दळायला दगडी जातं आणलं. पाऊणशे किलोच्या आसपास वजनाचं ते जातं त्या अरुंद भोकातून त्यांनी कसं खाली नेलं असेल, याचा विचार करून बघा. ज्यांच्या आजीच्या घरी जातं होतं त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

पुरुष रात्री बाहेर पडत. चंद्र नसेल ती रात्र बघून. शेतातून बटाटे उपसून आणायचे, लपतछपत कुणाकडून धान्य, कुणाकडून रॉकेल मिळवायचं, झाडं तोडून ओंडके ओढत आणायचे. पहाटेच्या आत परत. वाटेतल्या पावलांच्या खुणा पुसून टाकायच्या. खाली बायकांनी ते दळायचं, शिजवायचं, मोजून वाटायचं. दिवा फक्त कामापुरता, मग पुन्हा काळोख. कधी कधी दिवसातले वीस-बावीस तास माणसं झोपूनच असत, कारण झोपलं की भूक कमी लागते आणि तेल वाचतं. हे वाचलं तेव्हा नानीचं वाक्य आठवून मी चमकलो. झोपलेल्याला कसली भूक!

गुहेतली हवा बारा महिने सारखीच, साधारण दहा अंश. दमट इतकी की कपडा वाळायचा नाही. वर युक्रेनचा हिवाळा हाडं गोठवत असताना खाली त्यामानानं ऊबच. निसर्गानं एवढी एक मदत केली.

माणसांनी केलेली मदतही सांगायला हवी आणि माणसांनी केलेला घातही. मुंको लुबुद्झिन नावाचा जंगलात काम करणारा लाकूडतोड्या या कुटुंबाला धरून राहिला. जिन्नस पुरवायचा, बातमी द्यायचा. पकडला गेला असता तर त्याचं घरदार जळालं असतं. आणि त्याच परिसरातल्या काही लोकांनी एके दिवशी गुहेचं तोंड माती-दगड टाकून बुजवून टाकलं. आत माणसं आहेत हे ठाऊक असून. आतल्यांनी हातानं उकरून, पुन्हा दुसऱ्या बाजूनं वाट काढली. मला हे दोन प्रसंग एकापाठोपाठ एक सांगताना नेहमी अडखळायला होतं. एकच गाव, एकच भाषा, एकच देवळातली प्रार्थना. कोण मुंको होईल आणि कोण फावडं उचलेल, हे आधी ओळखता येत नाही. एस्थरला बरंचसं ओळखता येत होतं, असं दिसतं. तिचा लोकांवर विश्वास फार कमी होता, पण जिथं होता तिथं बरोबर होता.

आता या सगळ्याचा सिनेमा कसा झाला, त्याकडे येतो. ती स्वतंत्र कथा आहे.

युद्ध संपल्यावर हे कुटुंब जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत गेलं आणि तिथून कॅनडात. मुलं बांधकामाच्या धंद्यात पडली, नातवंडं झाली. एस्थरनं सगळी हकिकत लिहून काढली. १९७५ साली मॉन्ट्रियलमध्ये ते लहानसं पुस्तक निघालं आणि बहुतेक घरच्या घरीच राहिलं. गुहेतले लोक परदेशात, गुहा सोव्हिएत राजवटीच्या पोलादी पडद्याआड. एका टोकाला गोष्ट होती, जागा नव्हती. दुसऱ्या टोकाला जागा होती, गोष्ट नव्हती.

ख्रिस निकोला हा न्यूयॉर्कचा गृहस्थ. व्यवसायानं तपासनीस, छंद गुहा धुंडाळण्याचा, घराण्याची मुळं युक्रेनमधली. सोव्हिएत संघ फुटल्यावर, १९९३ साली तो त्या भागातल्या गुहा पाहायला गेला. पोपोवा यामामध्ये आत खूप खोल त्याला जुने बूट दिसले, गुंड्या दिसल्या, एक जातं दिसलं. गुहेत माणसाची हाडं सापडतात, अस्वलाची सापडतात. पण शर्टाची गुंडी? स्थानिक लोकांना विचारलं तर उत्तर असं मिळालं, की युद्धात इथं म्हणे काही ज्यू राहत होते. कोण? वाचले का? कुणी सांगेना. काहींना ठाऊक नव्हतं आणि काहींना, मला वाटतं, सांगायचं नव्हतं.

निकोलानं पिच्छा सोडला नाही. तपासनीसच तो! जवळजवळ दहा वर्षं तो विचारत राहिला. इंटरनेटवर त्यानं या गुहेची माहिती टाकून ठेवली, कुणीतरी कधीतरी शोधत येईल म्हणून. २००२ च्या शेवटी एक ईमेल आली. लिहिणाऱ्याचे सासरे त्या गुहेतून वाचलेल्यांपैकी होते आणि ते राहत होते न्यूयॉर्कमध्येच, ब्रॉन्क्स भागात. ज्यांचा शोध घेत हा माणूस सात समुद्रांपलीकडे बोगद्यांतून सरपटत होता, ते त्याच्याच शहरात घर करून होते. त्यांच्यामार्फत मग स्टर्मर कुटुंबाचा पत्ता लागला. २००४ मध्ये नियतकालिकात लेख, २००७ मध्ये पुस्तक आणि मग जॅनेट टोबायसचा सिनेमा.

टोबायसबाई टीव्हीच्या पत्रकारितेतल्या. त्यांच्यापुढची अडचण समजून घ्या. माहितीपट बनवायचा तर काहीतरी दाखवायला हवं. या लोकांचे गुहेतले फोटो नाहीत, असणं शक्यच नव्हतं. आणि जे दाखवायचं तो काळोख. कॅमेऱ्याला दिसायला उजेड लागतो, आणि उजेड आला की ती गुहा त्यांची राहत नाही. काळोखाचा सिनेमा काढायचा कसा?

या विषयावर काम करणाऱ्यांमध्ये यावरून जुना वाद आहे. क्लोद लान्झमान या फ्रेंच दिग्दर्शकानं ‘शोआ’ हा साडेनऊ तासांचा माहितीपट केला, १९८५ साली. त्यात त्यानं जुन्या चित्रफितीचा एक तुकडाही वापरला नाही आणि प्रसंगांची नाटकं तर मुळीच नाहीत. फक्त आजची जागा आणि बोलणारी माणसं. त्याचं म्हणणं, जे झालं ते पुन्हा उभं करणं हाच खोटेपणा. टोबायसबाई दुसऱ्या वाटेनं गेल्या. त्यांनी नट-नट्या घेतल्या, गुहेतले प्रसंग उभे केले, एस्थरच्या पुस्तकातला मजकूर एका बाईच्या आवाजात त्यावर ठेवला, आणि मधे मधे खऱ्या वाचलेल्या माणसांच्या मुलाखती.

मला स्वतःला ते नटांचे प्रसंग तितकेसे रुचले नाहीत. कपडे फाटके आहेत, चेहरे मळवलेले आहेत, पण मळ कालचा वाटतो, वर्षभराचा नाही. संगीतही जिथं गप्प बसायला हवं तिथं बोलतं. मी कवी आहे, कदाचित गप्प बसण्याचं मोल मला जास्त वाटत असेल. पण बाईंची बाजूही मला दिसते. लान्झमानचे साडेनऊ तास किती जण बसून बघतात? शाळेतली मुलं ही ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं बघतील आणि त्यांना जातं लक्षात राहील.

शिवाय एक गोष्ट बाईंनी अशी साधली, की बाकी सगळं माफ. सॉल आणि सॅम हे स्टर्मर भाऊ, आणि त्यांच्याच नात्यातल्या सोनिया आणि सीमा या दोघी बहिणी, गुहेत गेल्या तेव्हा त्या लहान मुली होत्या. या चौघांना त्या २०१० साली युक्रेनला घेऊन गेल्या. भाऊ तोवर ऐंशी-नव्वदीतले. बरोबर नातवंडं आणि वाट दाखवायला निकोला. सदुसष्ट वर्षांनी ही म्हातारी माणसं पुन्हा त्या गुहेत उतरली. तिथं कुणी नट नव्हतं. हात भिंतीला लावून माणूस उभा राहतो, तेव्हा दिग्दर्शकानं काही करायची गरज नसते. आपण सारे कुठल्या ना कुठल्या जुन्या घराच्या भिंतीला असा हात लावलेला आहे. फरक इतकाच, की बाकीच्यांच्या भिंतीला खिडकी होती.

हा सिनेमा पाहताना मला वाटलं होतं की ही माणसं रडतील, शाप देतील. तसं काही नाही. त्यांच्या बोलण्यात जे पुन्हा पुन्हा येतं ते बटाटे, सरपण, पीठ, पाणी. कुणी काय आणलं, कुणी काय शिजवलं. मरणाबद्दल विचारा, ते बोलतात. पण स्वतःहून सांगतात ते कामाबद्दल. आणि आईबद्दल.

१९४४ च्या एप्रिलमध्ये मुंकोनं गुहेच्या तोंडातून एक बाटली खाली टाकली. आत चिठ्ठी होती, जर्मन गेले. ते लगेच बाहेर धावले नाहीत. आणखी काही दिवस थांबले. मग १२ एप्रिलला एकेक जण त्या चिखलाच्या भोकातून वर आला. बर्फ वितळत होतं, ऊन होतं. माणसं वाळून निम्मी झालेली, चेहरे चिखलानं असे माखलेले की एकमेकांना ओळखू येईनात. त्यांत चार वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आठवणीत सूर्य नव्हताच. ती डोळे मिटून आईला म्हणाली, ती मेणबत्ती विझव.

नानीच्या गोष्टीतल्या तरुणांचं नाणं चाललं नाही, कारण मधे शतकं गेली होती. यांच्या मधे दोन वर्षंसुद्धा नव्हती. पण ही मंडळी गावात परतली तेव्हा ज्यांना ते ओळखत होते त्या ज्यू शेजाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. गाव तेच होतं आणि त्यात त्यांचं काहीच चालण्याजोगं राहिलं नव्हतं. वर्षभरात ते तिथून निघाले.

हे सारं घडलं त्याच देशात २०२२ च्या फेब्रुवारीपासून पुन्हा माणसं तळघरांत आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत रात्री काढताना आपण टीव्हीवर पाहिली. मी पाहायचो तेव्हा माझं लक्ष बॉम्बकडे कमी जायचं. कोपऱ्यात कुणी शेगडी पेटवली आहे का, मूल कशावर निजवलं आहे, तिकडे जास्त जायचं. या सिनेमानं लावलेली ती खोड.

आता मला रस का, ते सांगायचं कबूल केलं होतं.

१९७० च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली तेव्हा मी दहा महिन्यांचा होतो. आमच्या घरातली माणसं शेजारच्या घराच्या माळ्यावर काही दिवस लपून होती. शेजारच्या म्हणजे हिंदू, आम्ही त्या बाईंना मावशी म्हणायचो. मला हे माहीत होतं, पण एका वाक्यापुरतं. अम्मी त्याबद्दल बोलायची नाही. आमच्या घरी आमटीत चिंच कधी पडायची नाही, आमसूल पडायचं. मला वाटायचं, ही आमच्याकडची पद्धत. अम्मी २००९ मध्ये गेली. तिला मी शंभर गोष्टी विचारल्या असतील, ही विचारली नाही. कविता लिहिली या दंगलीवर, तीसुद्धा छापली, बक्षीसही मिळालं तिला. पण तिच्यासमोर बसून कधी विचारलं नाही, की अम्मी, त्या माळ्यावर तू काय काय केलंस?

सिनेमा पाहिल्यावर दोन-तीन दिवस मला झोप नीट लागली नाही. मग मी मावशींच्या मुलीकडे गेलो. मावशी केव्हाच गेल्या. ताई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, आता साठी ओलांडलेल्या, मुलाकडे कल्याणला राहतात. मी मोबाइल समोर ठेवला, म्हटलं, ताई, रेकॉर्ड करू का? त्या म्हणाल्या, “कर की. पण त्यात सांगण्यासारखं काय आहे?”

आणि मग त्यांनी सुरुवात केली ती पिठापासून. आमची सात माणसं वर, त्यांची पाच खाली. बारा जणांच्या भाकऱ्या. “आई दिवसा थापायचीच नाही रे. इतकं पीठ कशाला मळता, असं कुणी विचारलं म्हणजे? रात्री दार लावून थापायची, नि मी दाराशी बसायची. पाण्याचे हंडे पण तसेच. एरवी दोन खेपा, तेव्हा चार. मग ती एक खेप स्वतः करायची, एक मला पाठवायची, एक बाबांना. म्हणजे मोजायला कुणाला जमू नये.” माळ्यावर त्या वर्षीची चिंच फोडून गोळे करून ठेवलेली होती. उन्हाळ्याचे दिवस, कौलं तापलेली, त्या वासात सात माणसं बसलेली. मी रडू नये म्हणून मला बाळगोळी उगाळून देत होते. एकदा मी इतका वेळ झोपलो की अम्मी घाबरली आणि तिनं मला चिमटे काढून जागं केलं. मी रडलो तेव्हा तिला बरं वाटलं, आणि लगेच तोंड दाबावं लागलं.

“हे तुला आईनं सांगितलं नव्हतं?” ताईंनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्या उठल्या, चहा ठेवायला गेल्या. स्वयंपाकघरातूनच मोठ्यानं म्हणाल्या, “तुझी आई वरून पहिली गोष्ट काय विचारायची माहितीये? राख आहे का. भांडी घासायला.”